मामाजींचा काचेतला पेरा

माझ्या सासऱ्यांइतका बियाण्याचा जाणकार साऱ्या झाडीपट्टीत झाला नाही, आणि त्या जाणकारीपायी त्यांच्याइतका वारंवार फसलेला माणूसही झाला नाही. हे मी जबाबदारीनं लिहितो, कारण त्यांनी निवडलेल्या आणि पुढं फसलेल्या वाणांपैकी एक मी स्वतः आहे. लग्न ठरायच्या आधी ते मला पाहायला केशोरीहून गोंदियाला आले होते. माझं शिक्षण, माझी सरकारी नोकरी, माझं कुळ यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही. मला अंगणात उजेडाला उभं केलं, दंड दाबून पाहिला, तांब्याभर पाणी एका दमात प्यायला लावलं, आणि ओसरीवर बसलेल्या मध्यस्थाला माझ्यादेखत सांगितलं, "दाना भरीव हाये. पोचट नाई." लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला आणि मी दीड महिना गोधडीखाली हुडहुडत पडलो. त्या काळी मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गावोगावची डबकी शोधून त्यांत रॉकेल ओतायचं, विहिरींत औषध टाकायचं आणि लोकांना हिवतापापासून वाचवायचं, हेच माझं काम होतं. मामाजी भेटायला आले, गोधडी वर करून त्यांनी माझा दंड पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि ते गेले.

सासऱ्यांना आमच्याकडं मामाजी म्हणतात. त्यांची केशोरीला धानाची चांगली जमीन होती, बांध घातलेल्या खाचरांची, त्यांना इकडं बांधी म्हणतात, शेताच्या वरच्या अंगाला स्वतःची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं होतं, आणि घरी कशाची कमतरता नव्हती. पण जे सगळे पेरतात ते पेरण्यात त्यांना रस नसे. चिचगडच्या जंगलात त्यांनी कुठून तरी मिळवलेलं कॉफीचं बी लावलं, ते रानडुकरांनी खाल्लं. मोहाच्या झाडावर आंब्याचं कलम बांधून पाहिलं. मधमाश्या पाळल्या, त्या एका सकाळी सगळ्या उठून शेजाऱ्याच्या चिंचेवर गेल्या आणि तिथंच सुखानं राहिल्या. गावात एखादी गोष्ट अर्ध्यावर राहिली, विहीर असो की लग्नाची बोलणी, की लोक म्हणत, "हे मामाजीचं कलम झालं." मामाजी ते ऐकत आणि लोकांबरोबर हसत. पण हसून झाल्यावर त्यांचा हात पागोट्याकडं जाई आणि ते उगाच सारखं करत, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

माशांचं खूळ गोंदियाहून आलं. झाडांवरून काढलेली लाख विकायला ते वर्षातून दोनदा छोट्या लाईनीच्या गाडीनं गोंदियाला येत. एकदा व्यापाऱ्यानं त्यांना रेल्वेच्या कुणा साहेबाच्या बंगल्यावर नेलं. तिथं व्हरांड्यात काचेची पेटी होती आणि तिच्यात लाल मासे फिरत होते. मामाजींनी माळ्याला विचारलं, यांची पिल्लं कुठं आहेत? माळी म्हणाला, "बच्चे नहीं होते यहाँ. हर साल कलकत्तेसे मँगवाते हैं." मामाजी त्या दिवशी माझ्या घरी जेवायला बसले आणि पहिलाच घास हातात धरून म्हणाले, "जवाईबापू, जे बी दरसाल दुसऱ्याच्या घरून आनावं लागते, त्याले बी म्हनाचं काऊन? माज्या बांधीत त्याच्याहून देखना मासा हाये. मी घरी पिल्लं काढून दाखवतो." मी मान डोलावली. जावयानं सासऱ्याच्या बोलण्याला मान डोलावायची असते, एवढंच त्यात होतं. पण ते गावी जाऊन सांगत सुटले की सरकारी माणसाचीही याला मान्यता आहे.

पेटी त्यांनी घरीच केली. खिडकीच्या चार काचा, खाली टिनाचा पत्रा, आणि सांधे बुजवायला घरची लाख. पहिल्या खेपेला ती तीन ठिकाणी गळली, दुसऱ्या खेपेला एका ठिकाणी, आणि तिसऱ्या खेपेला मामाजींनी इतकी लाख ओतली की चारही कडा लग्नातल्या चुड्यासारख्या लालभडक दिसू लागल्या. तांदळाची पायली मावेल एवढीच ती पेटी होती. ओसरीच्या कोनाड्याखाली ती ठेवली गेली आणि प्रश्न आला निवडीचा.

इथं मामाजींची जाणकारी कामाला लागली. बियाण्यासाठी लोंबी निवडताना सर्वांत मोठी, सर्वांत जड लोंबी घ्यायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. तो त्यांनी माशांना लावला. बोडीतून दहा मासे आणले, त्यांतला सर्वांत मोठा आणि जाडजूड होता तो 'बियाण्याचा' म्हणून त्यांनी मला अभिमानानं दाखवला. ते मरळीचं पिल्लू होतं. तीन दिवसांत पेटीत तेवढं एकच उरलं आणि ते आणखी जाडजूड झालं होतं. मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याचा रस्सा केला. मामाजी त्या दिवशी नुसतं वरण-भात जेवले.

मग त्यांनी नियम बदलला. आता देखणेपणा पाहायचा. धानाच्या बांधीत बोटभर लांबीचा एक चपटा मासा असतो. अंगावर तिरपे तांबडे-निळे पट्टे, आणि पोटाखाली दोऱ्यासारख्या दोन लांब मिशा, त्यांनी तो आंधळ्यासारखा चाचपत फिरतो. मामाजी त्यांना 'पट्ट्याचे' म्हणत. त्यांनी दोन दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून असे आठ मासे निवडले. फिका दिसला की परत सोडला, पट्टा पुसट दिसला की परत सोडला. आठही मासे एकाहून एक झळझळीत. आणि पेटीत टाकल्या घटकेपासून त्या आठांनी एकमेकांना असं फाडायला घेतलं की कुणाचं शेपूट गेलं, कुणाची मिशी गेली. मी नेमका त्याच आठवड्यात सरकारी दौऱ्यावर केशोरीला आलो होतो आणि पावसाळाभराचा मुक्काम अर्थातच सासरी. मामाजींनी मला विचारलं, शिकल्या माणसाचं काय मत? मला माशांतलं अक्षर कळत नव्हतं. पण विचारल्यावर मत न देणं हे आमच्या खात्यात कुणालाच जमत नाही. मी म्हणालो, "मामाजी, जागा कमी आणि संख्याही कमी. अजून चार आणा, म्हणजे मिसळून राहतील." त्यांनी अजून चार आणले. दुसऱ्या दिवशी एकूण पाच उरले.

शेवटी सोमाजी ढिवराला बोलावलं. सोमाजी पंचक्रोशीतल्या सगळ्या बोड्या-तलावांत जाळं टाकणारा म्हातारा, मामाजींच्याच वयाचा. तो पेटीसमोर उकिडवा बसला, आत पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "मालक, मांडव भरला जी, पन सारे नवरदेवच आनले. नवरी कुठी हाये?"

"म्हंजे?"

"चमकते तो नर. मादी फिकीच राहाते. तुमी फिक्या साऱ्या सोडून देल्या."

मामाजी माझ्याकडं पाहू लागले, मी कोनाड्याकडं पाहू लागलो. सोमाजीनं एक नर ठेवला, बाकीचे काढले, आणि बांधीतून एक मातकट, पोट सुटलेली मादी आणून सोडली. वर पाण्यावर थोडं शेवाळ आणि पाणवनस्पती पसरली. "आता हात लावू नोका," म्हणाला.

गावाला या सगळ्यातलं एकच कळत नव्हतं. केशोरीत मासा न खाणारं घर शोधून सापडलं नसतं, आणि इथं दोन मासे घरात होते आणि त्यांना कुणी खात नव्हतं. येणारा-जाणारा ओसरीवर टेकला की पेटीत डोकावे आणि विचारे, "मामाजी, रस्सा कधी हाये?" मामाजी त्यांना पिल्लांचं सांगत. एका सोमवारी भर बाजारात ते सांगून बसले की पोळ्याच्या आत पिल्लं दाखवीन, नाही दाखवली तर पुन्हा नवं काही उगवायच्या भानगडीत पडणार नाही, लोक पेरतात तेच धान पेरीन. मामींनी ते ऐकलं आणि आपली अट घातली. पिल्लं निघाली नाहीत तर पेटी देवघरात जाणार. देवांवर उंदीर चढतात, ती उलटी करून देवांवर घालायची. मामाजी म्हणाले, "मंजूर." हे म्हणताना त्यांचा हात पागोट्याकडं गेला. बाजारातल्या लोकांनी ती सहज मारलेली थाप मानली असेल, मला मात्र त्या वेळीच वाटलं होतं की या माणसाला एकदा, फक्त एकदा, काहीतरी शेवटास गेलेलं पाहायचं आहे.

माशांना खायला काय द्यायचं, हे सोमाजीनंच सांगितलं होतं, आणि त्यात माझी अब्रू गेली. डासांच्या अळ्या. मामाजींनी वळचणीखाली एक पाण्याचं मडकं ठेवलं आणि त्यात मोठ्या निगुतीनं डासांची पैदास सुरू केली. मी चावडीवर तक्ता टांगून लोकांना समजावत होतो की घरात पाणी साचू देऊ नका, मडक्यात अळ्या होतात, अळ्यांचे डास होतात, डासांनी हिवताप होतो. मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि अगदी नम्रपणे म्हणालं, "सायेब, आमचं मडकं फोडता, तं तुमच्या सासऱ्याचं काऊन नाई फोडत? त्यायच्या घरी तं पेरून राहिले." सगळी चावडी हसली. मी तक्ता गुंडाळला आणि घरी येऊन वळचणीकडं न पाहता आत गेलो.

पोळ्याला पाच दिवस उरले असताना मामाजींना एका नातलगाच्या तेराव्याला सालेकशाला जावं लागलं. गाडी जुंपल्यावर ते पुन्हा खाली उतरले आणि मला पेटीपाशी घेऊन गेले. "संध्याकारी चिमूटभर अळ्या टाका. बाकी काहीच करू नोका. जमंल?" मी म्हणालो, जमेल. सरकारी नोकराला 'काहीच करू नका' यापेक्षा सोपा हुकूम कोणता असणार, असं मला वाटलं. ते पुढं म्हणाले, "पान्यातले अधिकारी तुमीच. तुमच्या भरवशावर ठेवून राहिलो." हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

पहिले दोन दिवस मी काहीही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पेटीच्या एका कोपऱ्यात, शेवाळाच्या आडोशाला, पाण्यावर पांढरा फेस धरलेला. बारीक बारीक बुडबुड्यांचा, तळहाताएवढा. मला आतून शहारा आला. बारा वर्षं मी साचल्या पाण्यावरचा फेस, तवंग आणि साय काढण्यात घालवली होती. मामाजी परत येतील आणि पाहतील की पाण्याच्या अधिकाऱ्यानं पाणी नासवलं! मी स्वयंपाकघरातून मामींचा झारा उचलला आणि फेस अलगद, एक बुडबुडा न ठेवता, काढला. नर माशानं झाऱ्याला तीन-चार वेळा तोंडानं धडक दिली. मला वाटलं, लाडात आला आहे, पाणी स्वच्छ झाल्याचा आनंद दाखवतो आहे. खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटलं. फेस मी मोरीत टाकला, वरून फिनेल ओतलं, आणि समाधानानं चहा प्यायलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजी परतले. वाटेत त्यांनी सोमाजीला सोबत घेतलं होतं, आणि बैल सजवायला झुली, बाशिंगं मागायला आलेली चार माणसं ओसरीवर होतीच. आत मामी वडे तळायच्या तयारीत होत्या आणि ओरडत होत्या, "माजा झारा कोनं नेला? काल धरून पाहून राहिली!" मामाजी आत-बाहेर करत होते. थोड्या वेळानं आतलं ओरडणं थांबलं. मी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण सोमाजी पेटीसमोर बसला होता आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मादीचं पोट तं खाली झालं," तो म्हणाला. "अंडी टाकली तिनं. फेस धरला होता का जी?"

"कसला फेस?" मी विचारलं.

"हा मासा तोंडानं फेस करते. तेच त्याचं घर. अंडी त्या फेसात राहातेत, आन् नर खाली राखन करते. कोनी जवळ आला तं मारते." सोमाजीनं मामाजींकडं मान वळवली. "फेस धरला असंल तं घाबरू नोका, एकदा मोडला तरी आठ रोजांत पुन्हा धरंल. पन धरलाच नसंल, तं काच मानवली नाई त्याले. मंग कायले कोंडून ठेवता? सोडून द्या."

मामाजी माझ्याकडं वळले. ओसरीवरची चार माणसंही माझ्याकडं पाहू लागली. "जवाईबापू, तुमी होते घरी. फेस दिसला?"

त्या क्षणी मी 'हो' म्हणालो असतो तर काय झालं असतं? लोक हसले असते. सॅनिटरी इन्स्पेक्टरनं सासऱ्याची नातवंडं झाऱ्यानं उपसली, ही गोष्ट दोन बाजारांत अर्जुनीपर्यंत गेली असती. मामाजींना आठ दिवस मिळाले असते. मामींची अट तेवढे दिवस पुढं ढकलता आली असती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. तरी मी म्हणालो, "नाही. फेस काही दिसला नाही."

मामाजींनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मग हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंग काच मानवली नाई. चाला, मामाजीचं आनखी एक कलम झालं." लोक हसले. मामाजीही हसले. त्यांचा हात पागोट्याकडं गेला, आणि मी मान खाली घातली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी स्वतः धुतली आणि देवघरात उलटी घातली. लाल कडांच्या काचेत आमचे बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि टाक असे ऐटीत बसले की मामींना हसू आवरेना. मासे पितळी गुंडीत घालून ते बोडीकडं निघाले. मी सोबत गेलो. बोडीच्या खालच्या बांधीत, कोपऱ्यात गवत वाकलं होतं तिथं, त्यांनी गुंडी तिरपी केली. नर आधी गेला, मादी मागून. मामाजी बांधावर बराच वेळ उकिडवे बसून होते, आणि मी त्यांच्यामागं सरकारी बूट घालून उभा होतो.

आठ-दहा दिवसांनी, मी गोंदियाला निघायच्या सकाळी, ते मला म्हणाले, "चाला, एक दाखवतो." आम्ही त्याच कोपऱ्यापाशी गेलो. वाकलेल्या गवताखाली, पाण्यावर, तळहाताएवढा पांढरा फेस होता. खाली पट्ट्याचा नर फिरत होता. फेसाच्या कडेला डोळ्यांना जेमतेम दिसतील असे काळे बारीक ठिपके लटकले होते, आणि मधूनच एखादा हलत होता.

मामाजी हळू आवाजात म्हणाले, "पाहा. धरला ना? आता हे कोनी झाऱ्यानं साफ करू नोका, म्हंजे झालं."

मला कान लाल झाल्याचं जाणवलं. "मामाजी," मी म्हणालो, "तो फेस मीच काढला."

"मालूम हाये. पेटीमांगं झारा मलेच सापडला. त्याले शेवाळ चिकटलं होतं."

"मग सोमाजीसमोर तुम्ही बोलला का नाहीत? आठ दिवस थांबता आलं असतं. सगळ्या गावासमोर तुम्ही…"

"चार लोकांत जवायाचं तोंड उतरवून मले मासे पोसाचे नोते." ते पाण्याकडंच पाहत होते. "गाव मले तं हासतेच. त्याले आदत हाये, मलेबी आदत हाये. तुमाले अजून या गावात फिराचं हाये, लोकायले शिकवाचं हाये." आणि मग, माझ्या दंडाला हात लावून, "दाना भरीवच हाये जी. पान्यात जरा जास्त भिजला, एवढंच."

मामाजींनी बाजारात दिलेला शब्द पाळला. त्यानंतर त्यांनी नवं काही उगवायला घेतलं नाही. लोक पेरत ते धान पेरलं, लोक कापत तेव्हा कापलं, आणि पेटीत देव बसले ते बसलेच. मी कितीदा म्हणालो, मामी, देव काढा, मी दुसरा देव्हारा करून देतो. मामी तयार झाल्या होत्या, मामाजींनीच नको म्हटलं. ते गेले त्या वर्षी मी देवघरात नमस्काराला वाकलो, तर काचेच्या कडेला जुनी लाल लाख तशीच होती. पाणी कुठंच गळलं नसतं आता. मला त्या दिवशी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

माझी नोकरी पुढं पुष्कळ वर्षं चालली आणि केशोरी माझ्याच हद्दीत राहिली. दर पावसाळ्यात साचल्या पाण्याची पाहणी होई, आणि मामाजींच्या बोडीखालच्या बांधीपाशी आलो की मी शिपायाला रॉकेलचा डबा खाली ठेवायला सांगे. नोंदवहीत मी लिहीत असे, 'पाणी निर्दोष. उपाययोजनेची आवश्यकता नाही.' पहिल्या वर्षी ते मी न पाहताच लिहिलं, मामाजींसाठी एक खोटं, असं मनाशी म्हणत. दुसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. मी बूट काढले, बांधीत उतरलो, लांब दांड्याच्या डावानं, म्हणजे पळीनं, दहा ठिकाणचं पाणी काढून पाहिलं. एकाही डावात अळी नव्हती. पट्ट्याच्या माशांनी सगळ्या खाल्ल्या होत्या, आणि माझ्या पायांभोवती त्यांची पिल्लं फिरत होती.